एका बरणीतल्या गोळ्या

सात आणि सात. अकरा आणि अकरा. चार आणि चार. नऊ आणि नऊ.

हे आकडे पडद्यावर एकाखाली एक दिसले तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठले. खोलीत माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. कूलर घरघरत होता, आणि कोणाला सांगू, कोणाला सांगू असं झालेलं. मग कूलरलाच सांगितलं, "अरे, हे सगळे सारखे आहेत!"

थांबा, नीट सांगते. मी नेहमी शेवटापासून सुरू करते, घरचे वैतागतात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकतीच स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झाले होते. घर पाचोऱ्याला. घरी सगळ्यांचं एकच, बँकेच्या परीक्षा दे. आणि मी कुठे जाऊन चिकटले, तर धुळ्याला, देवपुरात, एका हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत. डॉक्टरांना सगळं गाव नाना म्हणायचं, मग मीही नाना. एका खोलीत पेशंटच्या फायली, दुसरीत कंप्युटर, हिरव्या अक्षरांचा. लाइट गेले की तासाभराचं काम गेलं. म्हणून मला फार भराभर टाइप करायची सवय लागली. अजूनही मी तशीच टाइप करते, कोणीतरी आत्ता लाइट घालवणार आहे अशी.

नानांचं म्हणणं साधं होतं. खेड्यातला माणूस त्यांच्याकडे यायचा तो अर्धं अंग लुळं पडल्यावरच. बरोबरचे सांगायचे, "अंगावरून वारं गेलं." नाना चिडायचे. "वारं कुठलं! दहा वर्षं बीपी चढलेलं होतं, कोणी बघितलं नाही." बीपीवर औषधं होती, पण त्यांच्यावरचा बहुतेक अभ्यास मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत झालेला. उन्हातान्हात वावरात राबणाऱ्या आमच्या लोकांना नेहमीच्या गोळीबरोबर आणखी एक स्वस्त गोळी दिली तर बीपी आणखी उतरतं का, आणि ती सोसते का, हे त्यांना बघायचं होतं. तेही खेड्यात, लोकांच्या घरी.

त्यासाठी पांझरेकाठच्या काही गावांत ट्रायल चालू होती. बीपीची नेहमीची गोळी सगळ्यांनाच मिळायची. तिच्यासोबत दुसरी गोळी, ती काहींना खरी आणि काहींना नुसत्या पिठाची. दिसायला दोन्ही अगदी एकसारख्या, पांढऱ्या, छोट्या. कोणाला कुठली, ते चिठ्ठीवर. बंद पाकिटातून नंबर निघायचा, त्या नंबरची बाटली त्या माणसाची. खरी कुठली ते पेशंटला माहीत नाही, सिस्टरला नाही, नानांना नाही, मला तर नाहीच. कुठल्या नंबरात काय, ती यादी मुंबईला कुलपात. माझ्या कंप्युटरवर फक्त दोन गट, 'क' आणि 'ख'. एक खरा, एक पिठाचा. ट्रायलमधलं जे कोणी दवाखान्यात येईल त्याच्याकडे मी पहिला महिना संशयानेच बघायचे, हा 'क' असेल की 'ख'?

चिठ्ठी कशाला, हे मी पहिल्याच दिवशी नानांना विचारलं होतं. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, पण मला त्यांचं ऐकायचं होतं. ते म्हणाले, "समज, मी अर्ध्या वावरात नवीन खत टाकलं. कुठल्या अर्ध्यात? विहिरीजवळच्या. कपाशी जोरात आली. आता सांग, खतानं आली का पाण्यानं?"

"नाही सांगता येणार."

"मग? मी माझ्या मर्जीनं गोळी दिली तर ज्याची काळजी वाटते त्यालाच देणार ना. म्हणून माझी मर्जीच काढून टाकायची. चिठ्ठीला विहीर कुठे आहे ते माहीत नसतं."

मी हे त्या रात्री बाबांना पत्रात जसंच्या तसं लिहून पाठवलं. बाबांचं उत्तर आलं, 'खत कोणते ते कळव.'

तर ट्रायलला दोन वर्षं होत आली होती आणि 'क' आणि 'ख' मध्ये फरक म्हणावा असा काही दिसत नव्हता. जरासा होता, पण तेवढा नुसत्या योगायोगानेही दिसतो. पंधरा दिवसांनी मुंबईहून तीन जणांची समिती येणार होती, आकडे बघायला. फरक नसेल तर काम बंद. तसं त्यांनी लिहूनच कळवलं होतं. आणि त्याच पत्रात खाली एक ओळ होती. खेड्यातले रुग्ण औषध नियमित घेत नाहीत, त्यामुळे अशा ठिकाणी पुढे ट्रायल करण्याबाबत फेरविचार व्हावा.

नानांना ती खालची ओळ लागली. "बंद करायची तर करा," ते म्हणाले. "औषधात दम नसेल तर नसेल. पण माझी माणसं गोळ्या घेत नाहीत म्हणता? एकदा हा शिक्का बसला ना, की परत कोणी इकडं फिरकणार नाही. मग आमच्या माणसांना औषध द्यायचं ते दुसऱ्यांच्या अंगावर मोजलेलं."

मी जेवण सोडलं नाही, पण बाकी सगळं सोडलं आणि गोळ्या घेतल्या का नाही ते शोधायला बसले. ते कळायचा एकच मार्ग होता. दर महिन्याला गावात शाळेच्या ओट्यावर आमचा दवाखाना लागायचा. पेशंट बाटली परत आणायचे, सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजून रजिस्टरात लिहायच्या. दोन वर्षांचे ते आकडे मी कंप्युटरात भरलेले होते. नेहमी पेशंटच्या नंबराने लावलेले असायचे. त्या दिवशी मी सहज म्हणून घरनंबराने लावले. का लावले, सांगता येणार नाही. हात चालू होते.

आणि घराघरातली जोडपी शेजारी शेजारी आली. सात-सात. अकरा-अकरा. नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आणि बायकोच्या उरलेल्या गोळ्या, महिन्यामागून महिना, सारख्या! एखाददुसऱ्या घरी नाही हो. घरंच्या घरं.

मी धडधडत जिना उतरले. नाना एका पेशंटच्या छातीला नळी लावून बसले होते.

"नाना, सात आणि सात!"

नानांनी नळी कानातून काढली नाही. "चौदा," म्हणाले. "बस बाहेर."

पेशंट हसला, तर नाना त्याला म्हणाले, "हसू नको, श्वास घे."

पेशंट गेल्यावर त्यांनी तो कागद बघितला. चष्मा वर, चष्मा खाली, परत वर. "दोन माणसं दोन वर्षं एकाच दिवशी गोळी विसरत नाहीत," ते म्हणाले. "आकडे सारखे आले म्हणजे कोणीतरी सारखे केले."

कोणी? आता इथे माझी चूक सांगायला हवी. मी सरळ सिस्टरवर गेले. मला वाटलं, बाई ओट्यावर बसून मनानेच आकडे लिहितात. पंचेचाळिशीच्या होत्या त्या, धुळ्याच्याच, अख्खा जन्म सरकारी नोकरीत काढून मग आमच्याकडे आलेल्या. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "सिस्टर, गोळ्या मोजता ना तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी एक पाऊल मागे गेले.

"कंप्युटरवाल्या बाई," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं एकेक गोळी ताटलीत ओतून मोजलीय मी. ज्याच्या जास्त उरतात त्याला चांगली झाडते, चारचौघांत. तुम्ही इथं थंड हवेत बसून मला विचारता? उद्या चला माझ्याबरोबर. ऊन बघा जरा."

गेले. जीपमध्ये सिस्टर पुढे, मी मागे औषधांच्या खोक्यांत. सोनगीरच्या बाजूपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग मागे न बघता पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. त्याला मी माफी समजले, म्हणजे मी त्यांची मागितली आणि त्यांनी दिली अशी.

दवाखाना दुसऱ्या दिवशी होता. आदल्या दिवशी सिस्टर घरोघर जाऊन आठवण द्यायच्या. पण त्या कायम ओट्यावरूनच हाक मारायच्या, "उद्या या बरं का, बाटली आणा," आणि पुढच्या घरी. दोन वर्षांत त्या कुठल्याच घरात आत बसल्या नव्हत्या. घरं तरी किती! मलाही त्यांनी आठवण द्यायलाच पाठवलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. यादीतलं पहिलं घर एका आबा-अक्कांचं होतं, दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही आमचे पेशंट. त्यांचे आकडे मला तोंडपाठ होते, सात-सात आणि अकरा-अकरा त्यांचेच.

आबा ओट्यावर खाटेवर पडलेले. मी अहिराणीतच म्हटलं, "आबा, उद्या दवाखाना शे बरं."

आबा उठून बसले. "हाई पोर आपली बोली बोलस!"

आतून अक्का आल्या. "ये माय, ये. बाहेर उन्हमा कसाले उभी? घरमा ये. काही खाधं का?"

खाल्लं नव्हतं. आणि अक्कांच्या चुलीवर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी होती. मी चुलीजवळ पाटावर बसले. भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. मीठ एवढं होतं की नाना बघते तर त्यांचंच बीपी वाढलं असतं. मी खातेय, आणि अक्का फळीवरून एक चिनी मातीची बरणी काढतात. छोटी, लोणच्याची असते तशी. शेजारी आमच्या दोन बाटल्या ठेवतात, रिकाम्या. नंबरवाल्या. बरणी ताटलीत उपडी करतात.

गोळ्या! पांढऱ्या, छोट्या. आमच्या.

मी हातातला घास परत ताटात ठेवला. अक्का शांतपणे एक इकडे, एक तिकडे, एक इकडे, एक तिकडे असं दोन्ही बाटल्यांत टाकत होत्या.

"अक्का, हे काय करी राहिन्या?"

"उद्या नेवान्या शेतस ना बाटल्या?"

"पण त्या वेगवेगळ्या होत्या! एक आबांची, एक तुमची!"

"दोन्ही गोया सारख्याज शेतीस. पांढऱ्या. मंग येगयेगया कसाले ठेवान्या?" अक्का म्हणाल्या. "बाटल्या उन्यात का मी बरणीमा टाकी देस. ह्या घरमा बठ्ठं एकज जागे शे. दाय, तेल, बठ्ठं."

मी विचारलं, सगळं एकाच जागी, मग परत देताना सारख्या का वाटता?

त्यांनी बाहेर खाटेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्यास्ना जास्ती उरन्यात तं ती बाई चारचौघमा बोलस त्यास्ले. माणूसले असं बोलतस का? म्हणून सारख्या वाटी देस. बोली तं दोन्हीले बोली."

बाहेरून आबा, "मना काही दोष नही! ती हातवर ठेवस, मी गिळी लेस!"

मला हसू पण येत होतं आणि रडू पण. मी अक्कांना म्हटलं, सुरुवातीला नानांनी सांगितलं होतं ना, एक गोळी खरी असेल, एक पिठाची असेल, कुठली कोणाला ते चिठ्ठीवर?

अक्कांचा हात थांबला.

"सांगं व्हतं ना," त्या म्हणाल्या. "म्हणूनज तं! एकले खरी न् एकले खोटी, हाई घरमा कसं चालीन? एकनी बरं व्हवानं न् एकनी बघत बसानं? एकत्र करी टाकं. खरी व्हई तं दोन्हीसले अर्धी अर्धी लागीन."

मी त्या बाईकडे बघतच राहिले. आम्ही दोन्ही गोळ्या हुबेहूब सारख्या बनवल्या होत्या, कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. त्या तशा नसत्या तर अक्कांना हे जमलंच नसतं. आणि आम्ही त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी हे केलं. नवऱ्याला चिठ्ठीत 'क' आलेला, बायकोला 'ख', आणि अक्कांनी दोन वर्षं 'क' आणि 'ख' एका बरणीत ढवळून दोघांना अर्धे अर्धे वाढले होते. मग फरक दिसणार कुठून? दोघांचं औषध एकच!

मी उरलेल्या गावात पळत फिरले. दुसरं घर, डबा. तिसरं घर, साडीच्या पदराच्या गाठीत आमच्या गोळ्या, दोघांच्या मिळून. चौथ्या घरी वेगवेगळ्या ठेवलेल्या, कारण सासू-सून बोलत नव्हत्या. त्या भांडणाचा मला इतका आनंद झाला की मी सुनेचा हात हातात घेतला. तिला काही कळेना.

परत येताना जीपमध्ये मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी मांडीवरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी झाडत होते म्हणून त्या सारख्या करत होत्या?"

"सारख्या केल्या म्हणून तर सापडलं, सिस्टर."

"ते ठीक आहे गं. पण मी झाडत होते." आणि त्या धुळं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता यापुढचा भाग माझ्या मूर्खपणाचा. पण मला त्या वेळी तो माझ्या हुशारीचा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या आधी मी कंप्युटरसमोर. म्हटलं, सोपं आहे! सारखे आकडे आलेली घरं काढून टाकायची. काढली. फरक जरा वाढला. 'ख' गटाचं बीपी 'क'पेक्षा खाली! म्हटलं, अजून स्वच्छ करू. ज्यांच्या निम्म्याहून जास्त गोळ्या उरतात तेही काढू, ते घेतच नाहीत तर औषधाचा काय दोष? काढले. फरक आणखी वाढला! चांगला ठळक, समितीच्या तोंडावर मारण्यासारखा. मी प्रिंट काढला. तो सुयांचा प्रिंटर करकर करत असताना मी त्याच्यासोबत अक्षरशः नाचत होते.

नाना जेवायला बसले होते. डबा उघडा, शेवभाजी. मी कागद डब्याच्या शेजारी ठेवला. "वाचलो, नाना! फरक आहे! 'ख' खरी गोळी असणार!"

नानांनी हात न धुता कागद वाचला, लांबून. चेहऱ्यावर काही नाही.

"कोणाला काढलंस?"

सांगितलं.

"आधी थोडे काढले, फरक आला. मग अजून काढले, अजून आला. अजून काढले असते तर?"

"अजून आला असता!" मी म्हटलं, आणि म्हणताम्हणताच ते माझं मलाच ऐकू आलं.

"बस," नाना म्हणाले. "भाकर घे. मला सांग, गोळी नीट घेणारा माणूस कसा असतो?"

"कसा म्हणजे? नीट घेणारा."

"वेळेवर जेवतो. तंबाखू कमी खातो. घरात आठवण करणारं कोणी असतं. त्याचं बीपी पिठाच्या गोळीवरही बरं राहील. आणि गोळ्या सोडणारा का सोडतो?"

"कंटाळतो."

"काही कंटाळतात. काहींना चक्कर येते. आणि चक्कर पिठानं येईल का खऱ्या गोळीनं?"

"खऱ्या गोळीनं," मी म्हटलं.

"मग एका गटातून तू कंटाळलेले काढले, दुसऱ्यातून कंटाळलेले आणि चक्करवाले. उरले ते दोन गट सारखे राहिले का? चिठ्ठीनं सारखे करून दिले होते. तू कात्रीनं परत विहिरीजवळचे निवडलेस."

मला इतकं रडू येत होतं. "पण नाना, मग बंद पडेल ना! ते म्हणतील खेड्यातले लोक गोळ्या घेत नाहीत!"

"घेतात ना," नाना म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा ते हसले. "फार प्रामाणिकपणे घेतात. अर्ध्या अर्ध्या. तेच सांगू. हा कागद मात्र फाड."

मी फाडला. पण लहान तुकडे करायला जरा वेळ लावला, खोटं कशाला बोलू.

समिती आली. तीन साहेब, तिघांनाही ऊन सोसेना. कूलर त्यांच्याकडे वळवला. नानांनी मला बोलायला उभं केलं. मी चोवीस वर्षांची, साडी पहिल्यांदाच ऑफिसात नेसलेली. मी सात-सात पासून सुरू केलं, आणि मग मला वेगच आला. बरणी, ताटली, एक इकडे एक तिकडे, सासू-सून, सगळं. मधे एकदा मी अक्कांच्याच बोलीत बोलत होते हे मला नंतर सिस्टरांनी सांगितलं.

मधले साहेब म्हणाले, "म्हणजे रुग्णांनी नियम मोडला."

"नाही साहेब," नाना म्हणाले. "आम्ही चिठ्ठ्या माणसांच्या टाकल्या. इथं औषध माणूस घेत नाही, घर घेतं. चिठ्ठ्या घरांच्या टाकायला पाहिजे होत्या. मी याच मातीतला, मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. चूक माझी."

तिसरे साहेब, जे तोपर्यंत नुसतं पाणी पीत होते, त्यांनी मला विचारलं, "ती घरं काढून बघितलंत का? काय दिसतं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिस्टर दाराशी उभ्या. मला माहीत होतं, मी तो आकडा सांगितला तर यांचे डोळे चमकतील. जिभेवर होता अगदी.

"बघितलं," मी म्हटलं. "फरक दिसतो. पण तो मी कापून कापून काढलाय, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आकडा मी सांगणार नाही."

नानांनी जमिनीकडे बघितलं. ते साहेब बाकीच्या दोघांना म्हणाले, "आपण बाहेर बसू." ऊन असून बाहेर बसले! अर्धा तास. तेवढ्या वेळात सिस्टरांनी माझ्या साडीच्या निऱ्या दोनदा नीट केल्या.

आत आले आणि मधल्या साहेबांनी सांगितलं. ही ट्रायल बंद. अहवालात 'फरक दिसला नाही' असंच जाणार, आणि का दिसला नसावा तेही, बरणीसकट. पण घराला एक चिठ्ठी या पद्धतीनं नवीन ट्रायल करायची असेल तर ते मागे उभे राहतील. अटी दोन. माणसांऐवजी घरं मोजायची म्हणजे किती जास्त घरं लागतील त्याचं गणित त्यांना गाडीच्या वेळेच्या आत पाहिजे. आणि प्रत्येक घराला नव्याने विचारायचं, सगळं खरं सांगून. लोक नाही म्हणाले तर प्रश्न मिटला.

गणित! मी तर उडालेच. दोन तास होते. एका घरातली माणसं एकमेकांसारखी असतात, तेच मीठ, तीच भाकरी, तेच टेन्शन. त्यामुळे दोन माणसं धरली तरी माहिती दोन माणसांएवढी मिळत नाही. ते सगळं धरून आकडा आला तेव्हा नाना म्हणाले, "एवढी घरं? शेजारच्या तालुक्यात जावं लागेल." लाइट एकदा गेले. मी ते पुढचं हाताने केलं. साहेबांच्या गाडीच्या खिडकीतून कागद आत दिला.

मग खरी परीक्षा होती. गावं.

पहिलं घर मी आबा-अक्कांचं मागून घेतलं. नाना, सिस्टर आणि मी, तिघंही ओट्यावर. नानांनी सगळं परत सांगितलं. गोळी खरी किंवा पिठाची, आम्हाला माहीत नाही, नाही म्हणालात तरी नेहमीची गोळी आणि तपासणी चालूच राहील.

अक्का पदर सावरत उभ्या. चेहरा उतरलेला. "मंग मागला येळले आम्हनं चुकनं का? आम्हनामुये बंद पडनं?"

"नाही अक्का," नाना म्हणाले. "आमचं चुकलं. तुमच्या घरात दोन चिठ्ठ्या आणल्या."

आणि सिस्टर एकदम पुढे झाल्या. "आणि आबा, मी तुम्हाला लोकांत बोलले. आता नाही बोलणार. उरल्या तर उरल्या, खरोखर उरल्या तेवढ्या आणा फक्त."

आबांनी टोपी काढली, परत घातली. "बोलत जा ओ बाई," म्हणाले. "तुम्हीन बोलतस म्हणून तं ध्यानमा राहस."

अक्कांची नजर माझ्या हातातल्या पाकिटांच्या गठ्ठ्यावर. मला वाटलं, झालं, नाही म्हणणार. हे घर नाही म्हणालं तर गल्ली नाही म्हणेल.

"यंदाले कशी?" अक्कांनी विचारलं. "एकले खरी, एकले खोटी?"

"नाही," मी म्हटलं. "घराला एकच चिठ्ठी. दोघांना एकच गोळी. खरी तर दोघांना खरी, पिठाची तर दोघांना पिठाची."

"दोन्हीसले एकज?"

"एकच."

आबा मोठ्यांदा हसले. "नवरा-बायकोनी एकज चिठ्ठी? ती तं लगीनमाज निंघेल शे! ती खोटी निंघनी तरी आते बदलता येत नही!"

"तुमले खोटी लागनी व्हई," अक्का म्हणाल्या, "मले तं निव्वळ माती लागनी." पण त्या हसत होत्या. अंगठ्याला शाई लावून घ्यायला त्यांनी स्वतःच हात पुढे केला, आबांच्या आधी.

नानांनी मला मानेनं खूण केली. मी गठ्ठ्यातलं वरचं पाकीट घेतलं, सगळ्यांना बंद आहे ते दाखवलं आणि फोडलं. एक नंबर. सिस्टरांनी खोक्यातून त्या नंबरची मोठी बाटली काढली, एका घराला एक. बाटलीत खरं आहे की पीठ, ओट्यावरच्या पाच जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि मला सांगता येत नाही इतकी त्या न ठाऊक असण्याची मजा वाटत होती.

शेजारच्या ओट्यावरून एक बाई केव्हाची मान लांब करून बघत होती. "ओ डॉक्टर," तिने हाक मारली, "आम्हना घरले नही का चिठ्ठी?"

मी पाकिटांचा गठ्ठा उचलला आणि मधली भिंत ओलांडून गेले.